कलाबाईचं जितं मांजर

कलाबाईच्या तोंडी लागू नये, हे कारंजा नदीकाठच्या त्या गावात शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. बाई उंचीनं बेताची, अंगानं काटक, आणि जिभेला हाड म्हणून नाही. पण गाव एक गोष्ट सोयीनं विसरायचं. तिचं तोंड जेवढं पुढं धावायचं, त्याच्या दुप्पट तिचे हात धावायचे. कुणाची बाळंतीण अडली, बोलवा कलाबाईला. कुणाचं लेकरू तापानं फणफणलं, बोलवा कलाबाईला. ती शिव्या घालतच यायची आणि रात्रंदिवस उशाशी बसून माणूस उठवूनच घरी जायची. एवढं करून कुणी आभार मानायला लागलं की पुन्हा शिव्या सुरू. असल्या माणसाचं कौतुक करणं फार अवघड असतं, कारण ते करूच देत नाही. म्हणून तिच्या माघारी करून घ्यायचं.

तिचं माहेर आळंदकडचं, त्यामुळं कानडी तिच्या तोंडात मराठीइतकीच खेळायची. नवरा बळीराम भालकीच्या बाजारात हमाली करी आणि आठवड्याच्या सुट्टीला घरी येई. दोन्ही पोरी नांदायला गेलेल्या. तेव्हा घरात माणसं दोनच, कलाबाई आणि तिचा सासरा ग्यानबा.

ग्यानबाबद्दल थोडं आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. ग्यानबाच्या हयातीचा बराच काळ गावातली मेलेली गुरं ओढण्यात गेला होता. बैल मेला, म्हैस मेली की गावकीचं काम म्हणून गावातून हाक यायची, मग रात्र असो की सण असो. तो आपलं चऱ्हाट घेऊन जायचा आणि जनावर शिवेबाहेर ओढून न्यायचा. त्याच्या बापानं तेच केलं होतं, आज्यानं तेच. मग नागपूरची बातमी आली. पुढच्या उन्हाळ्यात इकडंही दीक्षेचा कार्यक्रम झाला आणि ग्यानबानं आपल्या गल्लीच्या मधोमध उभं राहून सांगितलं, की आजपासून गावातलं मेलेलं जनावर आमच्यातलं कुणी उचलणार नाही. ते चऱ्हाट त्यानं कारंजेच्या डोहात टाकलं.

त्यानंतर पहिला मेला तो अंकुशरावाचा बैल. अंकुशराव गावातला मोठा शेतकरी. हाक आली, पण गल्लीतलं कुणी हललं नाही. बैल गोठ्यात फुगला, वास सगळ्या गावात गेला, आणि शेवटी अंकुशरावाच्या घरच्याच माणसांना नाकाला फडकी बांधून तो ओढावा लागला. गावानं त्याचा सूड पुरेपूर घेतला. कुणी कामाला बोलावीना, दुकानदार मीठ देईना. त्या वर्षी गल्लीनं रानातल्या तरोट्याच्या भाजीवर दिवस काढले. ग्यानबाची बायको आधीच अशक्त होती, ती त्या वर्षात टिकली नाही. पण चऱ्हाट डोहातून परत कुणी काढलं नाही. पुढं काळाबरोबर गाव निवळलं, कामं पुन्हा मिळायला लागली, अंकुशरावाच्या शेतातसुद्धा. ग्यानबा मात्र त्या घराच्या सावलीला पुन्हा उभा राहिला नाही.

आता मांजराचं.

म्हैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं, त्या वेळची थंडी. अंकुशरावाच्या घरी लेकीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि कलाबाई त्यांच्या अंगणात तुरी पाखडायला गेली होती. अंकुशरावाची बायको पार्वतीबाई माजघरातून एक टोपली हातभर लांब धरून बाहेर आली. टोपलीत तांबूस रंगाची एक मांजरी होती. तिचे डोळे पुवानं चिकटलेले, नाक वाहून सुकलेलं, पाठीचा कणा मोजून घ्यावा इतका वर आलेला. दोन वर्षं तिनं त्या घरच्या धान्याच्या खोलीत एक उंदीर टिकू दिला नव्हता.

"कले, ह्ये बघ, मरायलंय," पार्वतीबाई म्हणाली. "घरात लगीन हाय. मांजर घरात मेलं तर काशी करावी लागती. जा, वड्याच्या पल्याड टाकून ये."

"मी कामून?"

"आता कामून म्हणं! तुमच्याकडंच की ह्ये काम."

कलाबाईनं सूप खाली ठेवलं. आजूबाजूच्या बायकांनी हातातली कामं थांबवली, कारण आता काहीतरी ऐकण्यासारखं होणार हे त्यांना कळलं.

"काकू, मेलेलं उचलायचं आमी सोडलंय. ह्ये तुमाला ठाव हाय, तुमच्या बैलाला बी ठाव हाय," कलाबाई म्हणाली. "आन ह्ये तर मेलंच न्हाई. जित्या जनावराला वड्यात टाकायचं काम तर आमच्याकडं कवाच नव्हतं."

"मग काय घरात ठिवू?"

"ठिवा की."

"न्हाई बाई! लगीन हाय म्हनलं न्हवं."

मांजरीनं तेवढ्यात तोंड उघडलं. ओरडायचं असावं तिला, पण आवाज निघाला नाही. कलाबाईनं ते पाहिलं, आणि मग तिच्या तोंडून जे निघालं ते निघेपर्यंत तिला स्वतःलाही माहीत नव्हतं.

"मग द्या मला. टाकायला न्हाई. पाळायला."

पार्वतीबाईनं टोपली अशी खाली ठेवली, की जणू हातातला निखारा टाकला. सगळ्या बायका हसल्या. कलाबाईनं मांजरीला पोत्यात घातलं, पोतं काखेत मारलं आणि अर्ध्या कामावरून उठून घरची वाट धरली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं वाटेत तिच्या मनात आलंही. पण पोत्यातून धुगधुगी लागत होती आणि मागं फिरायची तिला सवय नव्हती.

ग्यानबा दारासमोर बाजेवर ऊन खात बसला होता.

"काय हाय पोत्यात?"

"मांजर."

"कुणाचं?"

सासऱ्याशी खोटं बोलायची तिची पद्धत नव्हती. "अंकुशरावाच्या घरचं. टाक म्हनले. मी टाकलं न्हाई, घरी आणलं."

 म्हातारा हळू आवाजात बोलला, आणि ग्यानबाचा आवाज खाली आला की गल्लीतली माणसं सावध व्हायची.

"पोरी, त्यानी काय केलं तुला कळलं न्हाई. मेलेलं दिलं आस्तं तर तू हात लावला नसतास. म्हणून मरायच्या आदल्या दिसी दिलं. उद्या ह्ये मेलं, की त्या घरचं मेलेलं शेवटी आपल्याच हातानं टाकलं. येवढ्या वर्सांचं पाण्यात."

"मरणार न्हाई, मामा."

"मेलं तर?"

"मरणार न्हाई म्हनलं न्हवं."

"माझं ऐकून ठिव," ग्यानबा म्हणाला. "ह्या घरात ते मेलं, तर ह्या घरचं पाणी मी पिणार न्हाई. हुमनाबादला पिराजीकडं जाईन." पिराजी हा त्याचा पुतण्या. म्हातारा बोलला की करून दाखवायचा, हे डोहातल्या चऱ्हाटालाही माहीत होतं.

आता खरी पंचाईत झाली. मांजर मेलं तर नुसतं मांजर मरणार नव्हतं. सासूनं ज्या वर्षात जीव सोडला, त्या वर्षावर पाणी पडणार होतं आणि सासरा घर सोडून जाणार होता. आणि हे सगळं कलाबाईच्या एका वाक्यामुळं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला आपली जीभ जरा आवरावी असं वाटलं.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. शेजारची कोंडाबाई वाटीत तेल घेऊन आली, तिच्या मागं बाकीच्या. आता ह्या गल्लीनं देव सोडले होते, उपास सोडले होते, कुणाच्या अंगात यायचंही बंद झालं होतं. पण नवं मांजर घरी रुळवायचं तर पंजांना तेल लावावं, जात्याभोवती फिरवावं, चुलीचं तोंड दाखवावं आणि आरशात त्याचं त्याला दाखवावं, म्हणजे ते जुन्या घरी पळून जात नाही, ह्याबद्दल दीक्षेच्या दिवशी कुणी काही बोललं नव्हतं. म्हणून ते तसंच राहून गेलं होतं. कलाबाईसारखी बाईसुद्धा म्हणाली, "करा बाई काय करायचं ते, पण लौकर करा."

आजारी, अर्धवट आंधळी झालेली मांजरी, आणि तिला धरायला बायकांचा घोळका. एकीनं पंजे धरले, दुसरीनं तेल चोपडलं, तिसरीनं आरसा पुढं केला. आरशात बघायला तिचे डोळे उघडत होते कुठं! जात्याभोवती पहिला फेरा पुरा होईपर्यंत तिनं कसंबसं सोसलं. मग कुठून बळ आलं कोण जाणे, कोंडाबाईच्या मनगटावर चार ओरखडे काढून ती सुटली आणि कणगी व भिंतीच्या मधल्या सांदीत जाऊन बसली. तेल लावलेल्या पंजांच्या खुणा जमिनीभर उमटल्या.

"रुळलं बघा तुमचं मांजर," बाजेवरून ग्यानबा म्हणाला.

त्या दिवशी ती सांदीतून निघाली नाही. दुधाची वाटी तशीच राहिली. गल्लीतली पोरंसोरं, बायाबापड्या येऊन वाकून वाकून सांदीत बघायच्या, चुचकारायच्या, काडीनं ढोसायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कलाबाईनं सगळ्यांना हाकललं, लुगड्याचं जुनेर टाकून तिला अलगद बाहेर काढलं, झाकणाच्या टोपलीत घातलं आणि भालकीची बस धरली.

बसमध्ये टोपली हलली तशी शेजारच्या म्हाताऱ्यानं दख्खनीत विचारलं, मुर्गी है क्या. कुणी कानडीत म्हणालं, ससा असंल. कलाबाईनं झाकण अर्धं उघडून दाखवलं. त्यावर भालकी येईपर्यंत तीन भाषांत औषधं सांगितली गेली, त्यातली निम्मी माणसाला दिली तरी माणूस मेला असता.

गुरांच्या दवाखान्यात महादेवप्पा म्हणून डॉक्टर होते. बाहेर बैल, म्हशी, एक लंगडं घोडं, आणि त्या रांगेत टोपली घेऊन कलाबाई. तिचा नंबर आला तेव्हा त्यांनी टोपलीत पाहिलं आणि चष्मा वर केला.

"एनायतु, अक्का?" काय झालं, म्हणून त्यांनी विचारलं. आणि कलाबाईनं माहेरच्या कानडीत सगळं सांगून टाकलं, बैलापासून आरशापर्यंत. बैलाचं सांगायची गरज नव्हती, पण तिला थांबता आलं नाही.

महादेवप्पांनी ऐकून घेतलं. मांजर हातात घेतलं, तोंड उघडून पाहिलं, पोट चाचपलं. एवढा जाडजूड माणूस, पण हात मऊ. "सर्दी छातीत उतरायलीय," ते आता मराठीत म्हणाले. "नाक बंद हाय. मांजराला वास आला न्हाई तर ते खात न्हाई, पुढ्यात अमृत ठेवलं तरी. डोळे कोमट पाण्यानं पूस, हे मलम घाल. ही पूड मधातनं चाटव. ऊब दे. खायला वासाचं दे, गरम दे. आनि अक्का, ह्याला लोकांनी लई बघितलंय. आर्धा रोग हाय, आर्धी भीती हाय. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेव. कुणी बघू नका. तू बी बघू नको."

"मी न बघता औषध कसं देऊ?"

"औषध दे, आनि तोंड फिरव," डॉक्टर हसून म्हणाले. "जगंल का म्हणून विचारू नको. मी सांगू शकत न्हाई."

परतीच्या बसमध्ये कलाबाई गप्प होती. ती गप्प बसली तर ती आजारी आहे असं समजावं, पण तिला एक जुनी गोष्ट आठवत होती. ती लग्न होऊन ह्या गावात आली तेव्हाची. पोर कोवळी, मराठी धड कळत नव्हती. सकाळपासून बायका येत होत्या, हनुवटी धरून तोंड वर करत होत्या, दात बघत होत्या, हसत होत्या. तिच्या घशाखाली घास उतरेना. तेव्हा सासूनं सगळ्या बायकांना बाहेर घालवलं, ताट तिच्यापुढं ठेवलं, आणि एक शब्द न बोलता तिच्याकडं पाठ करून जात्यावर बसली. दळत राहिली. मागं वळून पाहिलं नाही. त्या घरातला पहिला घास कलाबाईनं जात्याची घरघर ऐकत खाल्ला होता. एवढं सगळं आपल्या बाबतीत घडलेलं, आणि आपणच त्या मुक्या जनावराला जात्याभोवती फिरवलं, म्हणून तिला स्वतःचा भारी राग आला.

घरी येताच तिनं दाराला पडदा लावला. चुलीमागच्या कोपऱ्यात, जिथं भिंत दिवसभर कोमट राहायची, तिथं लाकडी खोकं आडवं ठेवलं. आत आपलं न धुतलेलं जुनेर अंथरलं, तोंडाशी पोतं सोडलं. दारात उभी राहून तिनं गल्लीला ऐकवलं, "आजपासून जी कुणी माझ्या घरात मांजर बघायला यील, तिला मी तेल लावून जात्याभोवती फिरवीन." कोंडाबाईनं पट्टी बांधलेला हात पाठीमागं लपवला.

मग रोज तेच. सकाळी मिठाच्या कोमट पाण्यात कापूस बुडवून डोळे पुसायचे. जोर करायचा नाही, भिजू द्यायचं, मग आपोआप सुटायचं. मलम घालायचं, पूड चाटवायची आणि सोडून द्यायचं. पातेल्यात पाणी उकळून ते खोक्याच्या तोंडाशी ठेवायचं, वरून पोतं सोडायचं, म्हणजे वाफेनं नाक मोकळं व्हायचं. हे सगळं झालं की खोक्याकडं पाठ करून बसायचं आणि गोधडी शिवायची. बोलायचं नाही. गप्प बसून राहणं हे बाळंतपणापेक्षा अवघड काम आहे, असं कलाबाई पुढं लोकांना सांगायची. तिच्या पुरतं ते खरंच होतं.

कामावर ती गेली नाही. बळीराम सुट्टीला आला, त्यानं बाप एका बाजूला आणि बायको दुसऱ्या बाजूला बघितली आणि शहाण्या माणसासारखा दोघांनाही काही न बोलता परत गेला. ग्यानबा ताट बाहेर मागून घ्यायचा. घरात पाऊल टाकत नव्हता, पण "हाय का गेलं?" एवढं रोज विचारायचा. "हाय," ती सांगायची. एकदा पडदा वाऱ्यानं उडाला आणि त्याला आत सून दिसली, खोक्याकडं पाठ करून, सुई खुपसत, तोंडाला कुलूप. तो पडदा पडेपर्यंत बघत राहिला, आणि त्या दिवशी ताट घेताना त्यानं "हाय का गेलं" विचारलं नाही.

डोळे निवळायला लागले. पण खाणं नाही ते नाहीच. कापसानं दूध पिळावं, ते अर्धं बाहेर यावं. थंडी वाढली, आणि एका सकाळी तिनं हात घातला तर मांजरीचे पाय गार. मान उचलत नव्हती. बाहेर ग्यानबानं काय पाहिलं कुणास ठाऊक, बहुतेक सुनेचा चेहरा पाहिला असावा. त्यानं बाजेवरच्या वाकळीची घडी घातली, धोतर घातलं पिशवीत, काठी घेतली आणि उठून उभा राहिला. सकाळची हुमनाबादकडची बस चुकू नये म्हणून.

"मामा, बसा," कलाबाई दारातून ओरडली. "आजून मेलं न्हाई! आधीच काय निगालाव? मेल्यावर जावा!"

असं सासऱ्याला कोण बोलतं! पण म्हातारा बसला. पिशवी मांडीवर घेऊन बसला.

कलाबाईनं चुलीतली वीट फडक्यात गुंडाळून मांजरीच्या पोटाशी लावली. दुसरी पाठीशी. हातांनी पाय चोळत राहिली. आणि मग तिला डॉक्टरांचं बोलणं आठवलं, वासाचं दे, गरम दे. इतके दिवस ती दूधच देत होती, कारण मांजर म्हटलं की दूध, एवढंच आपल्याला माहीत. दुधाला वास तो कितीसा? तिनं शिंक्यावरची बाजारातली सुकट काढली आणि निखाऱ्यावर टाकली. असा वास सुटला की पलीकडच्या घरातली पोरं भाकरी मागायला लागली. भाजलेली सुकट तिनं पाट्यावर गरम पाण्यात वाटली, पातळ केली, बोटाला लावली आणि मांजरीच्या नाकाखाली धरली.

काही झालं नाही. तिनं बोट तसंच धरून ठेवलं. हात भरून आला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते धुराचं असं ती पुढं सांगायची. मग मांजरी शिंकली. सगळं नाक कलाबाईच्या मनगटावर रिकामं केलं. आणि थोड्या वेळानं तिच्या बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. काय ते बघावं असं तिला फार वाटलं, पण तिनं तोंड फिरवलं आणि भिंतीकडं बघत बसून राहिली. बोट चाटून झाल्यावर तिनं वाटी खोक्यात सरकवली. आतून चपचप ऐकू यायला लागलं.

ती बाहेर आली. ग्यानबा पिशवी घेऊन तसाच बसलेला.

"खायलीय," ती म्हणाली, आणि जोत्यावर बसून मोठ्यानं रडली. सगळ्या गल्लीनं ऐकलं. कलाबाईला रडताना त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं. ग्यानबानं पिशवीतलं धोतर काढून परत दांडीवर टाकलं.

पुढं बरं व्हायला वेळ लागला, पण वाट सरळ होती. मांजरी आधी खोक्याच्या तोंडाशी आली, मग चुलीपाशी, मग उंबऱ्यावर. अंगावर मांस चढलं, तांबूस केसांना चमक आली. उंबऱ्याबाहेर पडली त्या दिवशी कोंडाबाईनं श्वास रोखला, आता जाते जुन्या घरी म्हणून. मांजरी इकडंतिकडं बघून बाजेवर चढली आणि ग्यानबाच्या घोंगडीत शिरली. "हुश्श," म्हणून म्हाताऱ्यानं तिला खाली ढकललं. ती परत चढली. असं बराच वेळ चाललं आणि म्हातारा थकला. ती म्हाताऱ्याकडंच का गेली, ह्यावर गल्लीत पुष्कळ चर्चा झाली. कलाबाईचं म्हणणं असं, की तिच्याकडं न बघणारा तेवढा एकच माणूस उरला होता.

इकडं अंकुशरावाच्या घरचं लग्न पार पडलं, पाहुणे गेले, आणि उंदरांना कळलं की घरात मांजर नाही. बियाण्याची पोती खालून मोकळी व्हायला लागली. अशात पार्वतीबाई शेताकडं जाताना तिला बौद्धवाड्याच्या भिंतीवर आपली मांजरी ऊन खाताना दिसली, गुबगुबीत. आधी तिला ओळखच पटेना.

गरज पडली की आठवण येते हे जगाचंच आहे, पार्वतीबाईला एकटीला कशाला बोल लावा. पण ती आली मात्र स्वतः, गडी न पाठवता, टोपली घेऊन. गल्लीच्या तोंडाशी चिंचेखाली थांबली. तिथून ग्यानबाची बाज समोरच. ग्यानबा बसलेला, मांजरी त्याच्या मांडीवर झोपलेली. कलाबाई अंगणात भांडी घासत होती.

"कले," पार्वतीबाईनं हाक मारली, "बरं केलंस गं बाई. गुण आला हाताला. आता आमचं मांजर दे."

कलाबाईच्या हातातली राख तशीच राहिली. तोंडात शंभर उत्तरं आली, आणि सगळी एकदम आल्यामुळं एकही बाहेर पडेना. शिवाय मनात एक भीती होती. मामा म्हणतील, दे देऊन टाक, त्या घरची पीडा गेली एकदाची. मांजर जगलं होतं, ग्यानबाचा हट्ट पुरा झाला होता. त्या घरचं काहीही दारात नको, हे तर त्याचं पहिल्यापासूनचं. तिनं सासऱ्याकडं बघितलं.

ग्यानबानं पार्वतीबाईकडं मान वर केली. इतक्या वर्षांत तो त्या घरच्या माणसाशी बोलला नव्हता.

"बाई," तो म्हणाला, "मेलं आस्तं तर आमचं. आन जितं हाय तर तुमचं, व्हय?"

आवाज खालचाच होता, पण घराघरांतून माणसं बाहेर आली.  पार्वतीबाईला राग आला असता तर बरं झालं असतं, पण तिला तो बैल आठवला असणार, कारण तिची मान खाली गेली. ती रिकामी टोपली घेऊन आली तशी परत गेली.

कलाबाई हात पुसत बाजेजवळ आली. म्हातारा मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत होता. जाडेभरडे, चऱ्हाटानं घट्टे पडलेले हात.

"त्या घरची किती जनावरं ह्या हातातनं गेली," तो म्हणाला. "बैल, म्हशी, गाई. एक बी हाताला ऊन लागलं न्हाई, सगळी गार. ह्ये पहिलंच."

कलाबाई बाजेशी खाली बसली.

"कुणाला दिऊ नको हिला."

"न्हाई दिणार, मामा."

"आन कवातरी मरंलच की ही बी. जनावर हाय." म्हातारा थोडा थांबला. "तवा तू हात लावू नको. मी पुरीन. आपल्या घरचं आपुन पुरायचं, त्यात कसली आली गावकी?"

आणि मांजरीची झोप मोडू नये म्हणून पाय न हलवता, त्यानं सुनेकडं प्यायला पाणी मागितलं.